समुद्राकाठचा सरळ रस्ता

शर्यतीत आठ गाड्या असायच्या आणि आमचे घरमालक रोज आठवे यायचे. त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. कंप्युटरवर हिरवा दिवा लागला की बाकीच्या सात गाड्या धूर सोडत पसार व्हायच्या आणि हे जागेवरच. आधी एकदा हॉर्न वाजवायचा, मग आरशात मागं कोणी नाही ना ते बघायचं, आणि मगच गाडी हलवायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला बटण सापडत नाहीये.

"काका, निघा न, सगळे गेले," मी म्हटलं.

"जाऊ दे न. त्याईले घाई आहे. आपल्याले पोचाचं आहे."

या माणसाबद्दल बोलायला लागलं की मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचा राग येतो. लोकांना मी आजवर फक्त हसण्याचा भाग सांगत आले.

रायपूरच्या समता कॉलोनीत त्यांचं घर होतं आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे. वर्ध्याहून आलेली, कंप्युटरचा डिप्लोमा केलेली, पंचविशीतली, आणि जगात मलाच सगळं कळतं अशी समजूत असलेली मुलगी. नवा रायपूरला एका सरकारी खात्यात कंत्राटी नोकरी होती. सकाळी स्टाफ बस घेऊन जायची ती रुंद, ओस रस्त्यांवरून आणि संध्याकाळी सहाला परत आणून सोडायची. काका रेल्वेत ड्रायव्हर होते, मालगाडीचे. रिटायर होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण ते रिटायर झालेत हे फक्त रेल्वेला माहीत होतं.

गेटजवळ खिळ्याला सुतळीनं एक वही बांधलेली असायची. घराबाहेर पडणाऱ्यानं जायची वेळ लिहायची, आल्यावर यायची वेळ लिहायची. मी पहिल्या आठवड्यात एकदा विसरले तर संध्याकाळी काका पायरीवर वही घेऊन बसलेले. "सकाळी तू गेलीच नाही वहीत. मंग आता आली कुठून?" लिहिलं मुकाट्यानं.

स्कूटर काढायची तर आधी दोन शिट्ट्या. मग वर बघायचं. मी गच्चीतून हिरवा रुमाल दाखवला की तेही हात उंच करून दाखवणार आणि तेव्हाच स्कूटर गेटबाहेर. मी आंघोळीला गेले असले तर बिचारे दहा-दहा मिनिटं उन्हात स्कूटरवर बसून. शेजारच्या बाई मला एकदा म्हणाल्या, "दीदी, भैया को झंडी दिखा दो, सब्जी मंडी उठ जाएगी." पूर्वी हे काम काकूंचं होतं म्हणे. दारात उभं राहून हात दाखवायचा. मी आले तेव्हा काकू दारात येत नव्हत्या.

काकू गोंदियाच्या. उंच, हडकुळ्या, कामाला वाघ आणि तोंडानं अखंड कुरकुर. कंबर दुखते, गुडघा धरला, भाजीवाला लुबाडते, नळाले पाणी नाही. पण ही कुरकुर सगळी माझ्याजवळ. नवऱ्याशी अक्षर नाही. मला हे कळायला चार-पाच दिवस लागले, कारण घर बोलकंच वाटायचं. सगळं माझ्यातून चाललेलं असायचं, एवढंच.

"पोरी, घरात विचारजो, आज पोहे आहेत का उपमा."

काका बोलायचे ते खुर्चीतून आणि काकू दोन हातांच्या अंतरावर उभ्या.

"सांग, उपमा हाये. आन् सांग, बाहेर जाचं असन तर स्वेटर घालाचं."

मी आपली एकदा इकडे बघून, एकदा तिकडे बघून, दोघांनीही ऐकलेलं परत सांगायची. मी ऑफिसला गेले की काय करत असतील याचा विचार मी करायचे आणि मला हसू यायचं. माझ्या आधीच्या भाडेकरूनंही म्हणे हेच केलं, त्याच्या आधीच्यानंही. खोली भाड्यानं देण्याचं कारणच हे असावं असं मला आता वाटतं, कारण भाडं त्यांनी कधी वाढवलं नाही.

या अबोल्याला किती वर्षं झाली हे काकूंनीच सांगितलं. छत्तीसगढ नवं राज्य झालं त्या सालापासून. म्हणजे बारा-तेरा वर्षं. "काहून पण?" विचारलं तर "काही नाही बाप्पा, जुनी गोष्ट हाये" म्हणून शेंगा सोलायला लागल्या.

आता कंप्युटरचं सांगते. तो मुलीचा. मुलगी शिकून हैदराबादला नोकरीला गेली आणि तिचा कंप्युटर हॉलच्या कोपऱ्यात राहिला. काचेचा, पाठीमागे पोट आलेला चौकोनी मॉनिटर, पिवळट पडलेला, सुरू करताना टप्पल मारावी लागायची. त्यात कोणीतरी टाकून दिलेला एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. रिटायर झाल्यावर आठवड्याभरात काकांना तो सापडला आणि त्यांनी पुन्हा ड्युटी लावून घेतली. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. पायात बूट घालून बसायचे. चप्पल घालून गाडी चालवत नाहीत म्हणाले.

रेल्वेच्या इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्यानं तोच मोठ्यानं परत बोलायचा. "हिरवा." "हिरवा." दोघांनी बोलल्याशिवाय सिग्नल बघितला असं धरत नाहीत. दोघांपैकी एकाची डुलकी लागली असली तर तिथेच कळतं. काकांनी छत्तीस वर्षं हे केलेलं. त्यामुळे गेम खेळतानाही तोंड चालू. "पुढं डावा मोड." आणि मग परत म्हणणारं कोणी नाही म्हणून गप्प राहायचे, तोवर गाडी भिंतीवर. धडाम. पुन्हा डावा मोड, पुन्हा धडाम. त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे. स्क्रीनच्या कोपऱ्यात रस्त्याचा एवढासा नकाशा असायचा, तो बघावा तर रस्ता दिसत नाही आणि रस्ता बघावा तर नकाशा दिसत नाही.

हे काकूंनी मला हसत हसत सांगितलं, फार दिवसांनी. एक दिवस त्या मागं दिवाणवर बसून लसूण सोलत होत्या. त्या धडाम-धडामनं डोकं उठलं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डावा."

काकांनी मागं वळून बघितलं नाही. नुसतं म्हणाले, "डावा." आणि गाडी वळली.

"उजवा," काकू.

"उजवा," काका.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला कंप्युटरच्या उजव्या बाजूला एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. असिस्टंट उजवीकडे बसतो. काकू लसणाची टोपली घेऊन आल्या आणि बसल्या. तेव्हापासून रोज.

मी आले तेव्हा हे चालू होऊन वर्ष झालं होतं. सहाची बस, घरी यायला सव्वासहा, चहा पिऊन खाली डोकावलं की ही दोघं पाठमोरी. ते पिवळट काचेसमोर बूट घालून, त्या टोपली घेऊन. एकमेकांकडे बघत नव्हती. नजर समोर.

"डावा." "डावा."

"सरळ." "सरळ."

सरळ रस्ता आला की मध्ये जरा वेळ मिळायचा. तेव्हा मी जिन्यात उभी राहून जे ऐकलं ते असं.

"सरळ. पोरीचा फोन होता."

"सरळ. काय म्हणे?"

"ताप आल्ता म्हणे. उतरला. उजवा."

"उजवा. दवाखान्यात गेल्ती का?"

"गेल्ती. डावा."

हे मी ऐकलं, पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना नक्कल करून दाखवली. सगळे हसले. मला वाटलं, काय गमतीची माणसं आहेत. बाकी काही वाटलं नाही. कान होते माझे, ऐकलंही सगळं, पण कळायला अक्कल लागते ती नव्हती.

काकूंना मी एकदा म्हटलं, "आता तर बोलता न तुम्ही दोघं."

काकू एकदम ताठ झाल्या. "ते बोलणं नाही. ते ड्युटी हाये."

आणि मग नेहमीची कुरकुर. "पाह्य न, तासभर बसून बसून माही कंबर मोडते. तिकडं वरण करपते. त्याईले दिसत नाही तर काहून खेळते बाप्पा. मले काय, बसवून ठेवलं आपलं." हे रोज. मी येताना, जाताना, गच्चीत कपडे वाळत घालताना. कंबर, वरण, बसवून ठेवलं.

आमच्याकडच्या बायकांची कुरकुर ही अशीच असते हे मला माहीत असायला हवं होतं. माझी आई आयुष्यभर पाहुण्यांच्या नावानं बोटं मोडत आली आणि पाहुणे नाही आले तर दोन दिवस जेवली नाही. ज्या गोष्टीत जीव आहे तिचाच त्रास सांगायचा, ही आमची रीत. पण मी तेव्हा शहाणी होते. मला काकूंची दया आली आणि काकांचा राग आला. ज्या बाईशी बारा वर्षं शब्द बोलत नाही तिला रोज तासभर खुर्चीवर बसवून राबवून घेतो म्हणजे काय. बोलायचंच असेल तर सरळ बोलावं, त्याला गेम कशाला लागतो. काकूंना यातून सोडवायचं असं मी ठरवून टाकलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी हैदराबादला मुलीला फोन केला. तिला कल्पना फार आवडली. "ताई, तुम्हीच घ्या न बघून, बाबांच्या वाढदिवसाला देऊ," म्हणाली. मग काय, मी सुटलेच. दुकानातून दुकानात फिरले, कॅबिनेट, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं निवडून बसवून घेतलं, आणि मॉनिटर घेतला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद. सिनेमासारखा. त्यात नवा गेम टाकला. या गेममध्ये नकाशा बघावाच लागत नव्हता. वळण यायच्या आधी रस्त्यावरच लाल बाण उमटायचे आणि एक बाई इंग्रजीत सांगायची, आता डावीकडे, आता उजवीकडे. माझ्या दृष्टीनं प्रश्नच मिटला.

काका आधीपासून नाही म्हणत होते. "चालू इंजिन बदलत नाही पोरी. त्याचा आपल्याले अंदाज आलेला असते."

"काका, ते इंजिन कधी बंद पडेल सांगता येत नाही."

"मंग पडन तेव्हा पाहू."

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मले काय विचारते. ज्याचं आहे त्याले विचार." आणि थोड्या वेळानं, चुलीकडे तोंड करून, "त्याच्यात डावा-उजवा कोण सांगते?"

"आतच बाई आहे काकू. ती सांगते. तुम्हाला बसायला नको आता."

"बाई?"

"म्हणजे आवाज. बाईचा आवाज."

"असं," काकू म्हणाल्या. "मंग बरं हाये."

मी खूश. जुना कंप्युटर दुकानदारानं बदल्यात उचलून नेला. काकूंची खुर्ची मीच उचलून स्वयंपाकघरात ठेवली, कारण नवा मॉनिटर रुंद होता आणि टेबलाजवळ अडचण व्हायला लागली.

पहिल्या दिवशी काका बूट घालून बसले. ती आतली बाई म्हणाली, लेफ्ट. काका म्हणाले, "डावा." ती म्हणाली, राइट. काका म्हणाले, "उजवा." चित्र इतकं स्वच्छ की डोंगरावरचं गवत दिसत होतं. मी टाळ्या वाजवल्या. काकू स्वयंपाकघरात होत्या. त्या दिवशी वरण करपलं नाही.

आठवडाभर काका त्या बाईला उत्तर देत राहिले. मग थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "ते ऐकत नाही. आपण बोललो काय अन् नाही बोललो काय, तिले काही फरक पडत नाही. ती आपली पुढचं सांगते." त्या आठवड्यात एक दिवस ते शर्यतीत तिसरे आले. मी अभिनंदन केलं. त्यांनी बूट काढले आणि स्टँडवर ठेवले.

आणि मग घर बंद पडलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. उपमा का पोहे हेही विचारणं कमी झालं. काकू सात वाजता जेवण वाढून मोकळ्या व्हायच्या आणि आतल्या खोलीत पडायच्या. कंबर दुखते असं त्यांनी त्यानंतर मला एकदाही सांगितलं नाही.

तीनेक आठवड्यांनी एका रविवारी मी बाहेर निघाले होते आणि काका व्हरांड्यात बसलेले. वही लिहायला वाकले तर म्हणाले, "बस जराशी." बसले.

"तो जुना गेम होता न, त्याच्यात तिसरा रस्ता आठवते तुले? समुद्राच्या काठानं जाते तो."

मला आठवत होता. एका बाजूला निळं पाणी, खजुराची झाडं आणि न संपणारा सरळ रस्ता.

"त्याच्यावर वळणच नाही. आपल्या चालीनं गेलं तर सव्वादोन मिनिटं लागते. मी मोजलं आहे. तिथं मले एक बोलाचं होतं. रोज ठरवत होतो. रोज मोड येऊन जाये."

मग त्यांनी सांगितलं. नवं राज्य झालं त्या साली एक दिवस ते लॉबीत गेले, म्हणजे जिथे ड्रायव्हर लोक ड्युटीवर सही करतात तिथे. घरी तेव्हा फोन नव्हता. सही झाल्यावर त्यांना निरोप मिळाला की गोंदियाला सासूबाईंची तब्येत बिघडली आहे, लवकर या. गाडी बिलासपूरकडे न्यायची होती, अगदी उलट्या दिशेला. सही केल्यानंतर गाडी सोडून देणं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. पण घरी कोणाहाती निरोप धाडता आला असता. लॉबीतून घर सायकलवर दहा मिनिटं. त्यांनी धाडला नाही. ही ऐकेल तर म्हणेल तुम्हीही चला, मग सही खोडावी लागेल. एका दिवसाचा प्रश्न आहे, उद्या येऊन आपणच घेऊन जाऊ, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले आणि मग सांगितलं. काकू गोंदियाला पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"त्या दिवशी मले म्हणे, तुमाले माही माय दिसली नाही, सही दिसली. बस. त्याच्यानंतर बोलली नाही."

"मग तुम्ही माफी नाही मागितली?"

"कशी मांगू. ते समोर आली का माही जीभ उचलत नाही. तिथं बरं होतं. समोर पाहाचं होतं दोघाईले. तोंड पाहाची गरज नव्हती." मग म्हणाले, "या नव्या गेमात डोंगरच आहे. इतका लांब सरळ रस्ता नाही एकही. मी सारे पाहिले."

मी म्हटलं, "काका, मी सांगू काकूंना?"

"नाही." इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. "पोहे, उपमा तू सांग. हे नाही. हे दुसऱ्याच्या हाती धाडाचं नाही. तेव्हा निरोप धाडाचा होता तर धाडला नाही, आता माफी निरोपानं धाडू?"

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दुकानात गेले. जुना कंप्युटर अभनपूरच्या एका धान-व्यापाऱ्याला विकला होता. मी तशीच बस पकडून अभनपूरला. पोत्यांच्या थप्पीमागे टेबलावर तो होता, तेच पिवळट तोंड, मला तर तिथेच रडू यायला लागलं. मुनीमजी भला माणूस. "हव दीदी, यही है," म्हणाला. "लेकिन गेम-वेम तो सब उड़ा दिए. अब इसमें धान की पर्ची निकलती है." मी तरी बसून अर्धा तास शोधलं. काही नव्हतं. नाव आठवून दुसरीकडे मिळवायचं तर नाव कोणालाच माहीत नव्हतं. काका त्याला "गाडी" म्हणायचे आणि मुलीला तो गेम कंप्युटरवर होता हेच आठवत नव्हतं.

मग मी शेवटची अक्कल चालवली. नव्या गेममधल्या बाईचा आवाज बंद केला, खुर्ची परत उजवीकडे आणून ठेवली आणि काकूंना सांगितलं, "काकू, त्या बाईचा आवाज बिघडला. काकांना मोड कळत नाहीये. बसता का जरा?"

काकूंनी हात पुसले. पदर सारखा केला. लसणाची टोपली उचलली. मी बघत होते, त्यांचा चेहरा उजळला होता. दारापर्यंत आल्या. काका बूट घालून बसलेले, मान वळवली नाही, पण हात कीबोर्डवर नुसते ठेवलेले, गाडी सुरू केलेली नव्हती. समोर तो माझा रुंद मॉनिटर. त्यात सगळा रस्ता लख्ख, पार डोंगराच्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक वळणावर लाल बाण.

काकू ते बघत उभ्या राहिल्या.

"याच्यात तर सारंच दिसून राहिलं," त्या म्हणाल्या, मला की स्वतःला कोण जाणे. आणि टोपली घेऊन परत गेल्या.

काका मला म्हणाले, "आवाज बिघडला नाही. तू बंद केला." रागावले नव्हते. "पोरी, तिले आता काय म्हणून बोलावू? दिसत नाही म्हणू? दिसून तर राहिलं."

त्यांनी कंप्युटर बंद केला. काकूंनी एका जुन्या साडीचं झाकण शिवून त्यावर घातलं.

वर्षभरात माझी नोकरी पक्की झाली आणि मला नवा रायपूरला क्वार्टर मिळालं. निघताना वहीत जायची वेळ लिहिली. काका म्हणाले, "वापस याची जागा कोरी ठेवतो." काकूंनी डबा भरून दिला. त्या दिवशी मी काकूंना बाजूला घेऊन सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. मी स्वतःला म्हटलं, काकांनी नाही म्हणून बजावलंय, दुसऱ्याच्या भानगडीत आधीच एकदा नाक खुपसून झालंय. आणि मनात हेही होतं की अजून वेळ आहे, सांगतील कधीतरी स्वतःच. उद्या सांगू म्हणून गाडी घेऊन गेलेल्या माणसाला मी नावं ठेवत होते.

काका गेले ते भर दुपारी, जेवण करून खुर्चीत बसल्या बसल्या. मुलीचा फोन आला. मी तेव्हा परगावी होते, लगेच पोचले नाही. तेरवी झाल्यावर आठवड्यानं गेले. गेटजवळ वही तशीच होती. माझ्या नावापुढची यायची जागा कोरी होती, ती भरली.

काकू आणखी वाळल्या होत्या. रडल्या नाहीत. चहा दिला, माझ्या क्वार्टरचं विचारलं, भाजी तिकडे मिळते का विचारलं. मग उठून कंप्युटरवरचं झाकण काढलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "लाव बरं."

मी लावला. काकूंनी स्वयंपाकघरातून लाकडी खुर्ची आणली आणि उजवीकडे ठेवून बसल्या. मी काकांच्या खुर्चीत. आतल्या बाईचा आवाज अजून बंदच होता. हिरवा दिवा लागला, सात गाड्या गेल्या. मी थांबले, हॉर्न दिला आणि मग निघाले. काकूंनी मान हलवली.

"डावा," काकू म्हणाल्या.

"डावा," मी म्हटलं.

"उजवा."

"उजवा."

अशी पाच-सहा वळणं गेली. मग डोंगरातून एक छोटासा तुकडा आला.

"सरळ."

"सरळ," मी म्हटलं. आणि समोर बघत, काकूंकडे न बघता सांगून टाकलं. समुद्राकाठचा रस्ता, सव्वादोन मिनिटं, काकांना तिथे माफी मागायची होती, रोज ठरवायचे, आणि मी तो कंप्युटर बदलला. सगळं एका दमात.

काकूंची नजर रस्त्यावर होती.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तो रस्ता आला का त्याईचा श्वास बदले. रोज वाटे, आज म्हणतीन. म्हणून तर बसत होती न मी, कंबर मोडून." आणि त्याच आवाजात, "उजवा."

मला परत म्हणता आलं नाही. गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली आणि उभी राहिली.

"उजवा म्हटलं न पोरी," काकू म्हणाल्या.